मातीला आंघोळ घालता येते का?

पुराबरोबर शेतात आलेलं रसायन काढायला झाडं आणि साबण कामी येतात, असं विज्ञान सांगतं. बिरवाडीतल्या एका खाचरापुरतं ते कितपत खरं ठरेल, याचा हा शोध.

दिवाळीच्या सुट्टीत बिरवाडीला गेले, तर आजीने फराळाच्या ताटाआधी एक कागद पुढे केला. ''वाच गो जरा. पास झाली ना आपली जमीन?''

तो मृदा आरोग्य पत्रिकेचा कागद होता. काकांनी खालच्या खाचरातली माती तपासायला दिली होती, तिचा हा निकाल. सामू थोडा आम्लधर्मी, कोकणात असतो तसा. सेंद्रिय कर्ब ठीक. स्फुरद थोडं कमी. बाकी सगळं बरं. खाली कुठली खतं किती टाकायची, तेही छापलेलं. आजीच्या दृष्टीने जमीन फर्स्ट क्लासमध्ये पास झाली होती. म्हणजे भात निघालं की यंदा तिथे पुन्हा वाल लावायचे आणि थंडीत पोपटी लावायची, असा तिचा सगळा बेत ठरलेला.

मी कागद उलटसुलट करून पाहिला. मला ज्याची भीती होती, त्याचं नावच त्यात कुठे नव्हतं.

पुराने काय आणलं?

महाड म्हटलं की तुम्हाला रायगड आठवतो, चवदार तळं आठवतं. बिरवाडी त्याच महाड तालुक्यातलं बाजाराचं गाव. शेजारून काळ नदी वाहते आणि पुढे सावित्रीला मिळते. गावाला लागून महाडची एमआयडीसी आहे आणि तिथे रासायनिक कारखाने जास्त. गावातली निम्मी पोरं तिथेच कामाला जातात. त्यामुळे 'कंपनी' हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरत नाहीत. तो पगाराचा शब्द आहे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड आणि बिरवाडी बुडाली. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या दुःखापुढे शेतात साचलेल्या गाळाबद्दल कोण बोलणार? आमच्या खालच्या खाचरात गुडघ्याखालपर्यंत गाळ बसला होता. त्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग होता आणि जवळ गेलं की नाक चुरचुरायचं. त्यात नदीची माती होती, गॅरेजमधलं ऑइल होतं, दुकानांतले रंगाचे डबे होते आणि आणखी कुठून कुठून काय वाहून आलं होतं. कुणाचं काय आलं, हे सांगणं शक्यच नव्हतं. पुढच्या वर्षी भात लावलं, पण एका कोपऱ्यातलं पीक पिवळं पडलं. तेव्हापासून आजीने तिथे वाल लावणं सोडलं. का, असं विचारलं की एवढंच म्हणायची, ''जीव धजत नाय.''

आता तिच्या हातात सरकारी कागद होता आणि तिचा जीव धजत होता. घाबरण्याची पाळी आता माझ्यावर होती.

कार्ड खोटं नाही, प्रश्न वेगळा आहे

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली. त्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला पोषण किती मिळेल, हा त्या कार्डाचा प्रश्न आहे. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा किंवा तेलाचे अवशेष त्यात मोजतच नाहीत. म्हणजे हिमोग्लोबिनचा रिपोर्ट चांगला आला म्हणून छातीचा एक्स-रेही चांगलाच असेल, असं आपण समजत नाही ना? तसंच हे.

हे आजीला सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''बरं. असलंच काय त्यात, तर काढता येतं का?''

या प्रश्नावर मी खुशीत आले. कारण इंटर्नशिपमध्ये मी नेमका हाच विषय मागून घेतला होता. प्रदूषित माती झाडं लावून स्वच्छ करतात, त्याला फायटोरेमिडिएशन म्हणतात. त्यात झाडाच्या मदतीला साबणासारखे पदार्थ दिले की काम वेगाने होतं. त्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. वाचताना मला हे इतकं भारी वाटलं होतं की झेंडू लावा, रिठ्याचं पाणी घाला आणि तीन वर्षांत जमीन चकाचक, असंच मी जवळजवळ बोलून गेले असते. बरं झालं, नाही बोलले. का, ते पुढे कळेल.

पोपटीतल्या पाल्याची भावंडं

मातीतल्या घाणीचे आधी दोन गट करावे लागतात. एक तुटणारी आणि एक न तुटणारी. तेल, फिनॉल, कापडाचे रंग ही सेंद्रिय रसायनं. त्यांचे रेणू तोडता येतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे धातू. धातू मूलद्रव्य असतो, तो तोडून संपत नाही. तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेता येतो, नाहीतर आहे तिथेच बांधून ठेवता येतो.

झाडं या दोन्ही प्रकारांशी वेगवेगळं वागतात. सेंद्रिय रसायनांच्या बाबतीत काही झाडं मुळांतून लॅकेज, पेरॉक्सिडेज अशी विकरं सोडून किंवा आत घेऊन ती तोडतात. मुळं मातीत साखर आणि आम्लं सोडतात, त्यावर जिवाणू पोसले जातात आणि तोडण्याचं बरंचसं काम ते करतात. धातूंच्या बाबतीत काही झाडं ते शोषून पाना-खोडात साठवतात, तर काही मुळांजवळच धरून ठेवतात.

याचं उत्तम काम आपल्याच राज्यात झालंय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापडाच्या रंगांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. २००९ मध्ये त्यांच्या गटाने ब्लुमिया माल्कोमी या रानटी झुडपावरचं काम प्रसिद्ध केलं. हे झुडूप कापडाचा लाल रंग तोडतं, असं त्यात दिसलं. नाव परकं वाटतं? पोपटीच्या मडक्यात आपण जो भांबुर्ड्याचा पाला घालतो, तो याच ब्लुमिया वंशातला. म्हणजे पोपटीतल्या पाल्याचं सख्खं भावंड रसायन तोडतं!

२०१८ मध्ये याच गटाने प्रयोगशाळेबाहेरचं काम मांडलं. कापड कारखान्यांचं सांडपाणी ज्या चरांतून वाहतं, तिथे त्यांनी बागेतली चार फुलझाडं लावली: झेंडू, ॲस्टर, गॅलार्डिया आणि ज्याला आपण 'ऑफिस टाइम' म्हणतो ते चिनी गुलाब. ३० दिवसांत सांडपाण्याचा रंग झाडागणिक साधारण निम्म्यापासून पाऊणपर्यंत उतरला. गॅलार्डिया सर्वांत पुढे होता. फुलझाडंच का निवडली असतील? कारण ती कुणी खात नाही.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २००८ मध्ये वाळ्यावर काम केलं. उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच वाळा. फिनॉल असलेल्या माध्यमात त्याची रोपं वाढवली, तर ती तगली आणि फिनॉल कमी झालं. वाळ्याची मुळं सरळ खाली, खूप खोल जातात आणि माती घट्ट धरून ठेवतात. हा गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्थात झाडं म्हणजे जादूची कांडी नव्हे. २०११ मध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला, तेव्हा जपानमध्ये लोकांनी हौसेने सूर्यफुलं लावली. चेर्नोबिलजवळच्या तळ्यांत १९९० च्या दशकात सूर्यफुलांनी पाण्यातली किरणोत्सारी द्रव्यं ओढून घेतली होती, हे त्यांनी ऐकलं होतं. पण फुकुशिमाच्या मातीत सिझियम चिकणमातीला घट्ट चिकटलेलं. जपानच्या कृषी मंत्रालयाने मोजून पाहिलं, तर सूर्यफुलांनी जेमतेम दोन हजारावा हिस्सा उचलला होता. झाड तेच, पण पाण्यात जमलेलं मातीत जमलं नाही. कारण मातीत घाण सुटी नसते, ती चिकटलेली असते.

म्हणूनच साबण लागतो.

रिठ्याचं गणित

साबणाच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट असते, असं समजा. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. तेलकट ताटावर साबण घातला की शेपट्या तेलात घुसतात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात आणि तेलाचा बारीक गोळा तयार होऊन पाण्याबरोबर निघून जातो. या गोळ्याला मायसेल म्हणतात. मातीच्या कणाला चिकटलेलं तेलही असंच सुटतं. सुटलं की मुळांपाशी आणि जिवाणूंपाशी पोचतं.

यासाठी डिटर्जंटच हवा असं नाही. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन असतं, ते नैसर्गिक सर्फॅक्टंट आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी रिठ्याच्या पाण्याने मातीतलं हेक्झाक्लोरोबेंझिन हे हट्टी रसायन धुऊन पाहिलं होतं. पुढे रिठ्याने मातीतलं आर्सेनिक काढण्याचेही प्रयोग झाले. आपल्या आज्यांनी केसांसाठी वापरलेली गोष्ट अशी लॅबमध्ये पोचली.

सगळ्यांत थक्क करणारं काम मात्र नागपूरचं. तिथल्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेत डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूकडून रॅम्नोलिपिड हा जैविक सर्फॅक्टंट तयार करून घेतला. साखर आणि स्निग्धाम्ल जोडून बनलेला हा पदार्थ. कॅडमियम आणि शिसं मुद्दाम मिसळलेली माती त्यांनी नळ्यांमध्ये भरली. एकीतून नळाचं साधं पाणी सोडलं, दुसरीतून रॅम्नोलिपिडचं द्रावण. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: साध्या पाण्याने कॅडमियम निघालं २.७ टक्के, शिसं ९.८ टक्के. रॅम्नोलिपिडने ३६ तासांत कॅडमियम ९२ टक्के आणि शिसं ८८ टक्के. शिवाय धुतल्यानंतर मातीतल्या जिवाणूंची संख्या वाढली. म्हणजे माती पुन्हा जिवंत व्हायला लागली.

हे आकडे पहिल्यांदा वाचले, तेव्हा मी लायब्ररीत जवळजवळ टाळी वाजवली होती. ९२ टक्के! दीड दिवसात!

आजीचा प्रश्न

तर मग आजीला हे दाखवायचं म्हणून मी ओटीवर प्रयोग लावला. तुम्हीही घरी करू शकता. दोन काचेच्या बाटल्या घेतल्या. दोन्हींत मूठ मूठ माती आणि काकांच्या बाइकचं चमचाभर जुनं ऑइल घालून कालवलं. एकीत साधं पाणी, दुसरीत रिठे उकळून गाळलेलं पाणी. दोन्ही जोरात हलवून ठेवून दिल्या. साध्या पाण्यात ऑइलचा बराचसा भाग मातीलाच चिकटून राहिला. रिठ्याच्या पाण्यात फेस झाला आणि पाणी काळपट, गढूळ झालं. ऑइल मातीतून सुटून पाण्यात आलं होतं.

''बघितलंस?'' मी म्हटलं.

आजीने बाटली उजेडात धरून पाहिली. ''बघितलं. पण आता हे पाणी टाकायचं कुठं?''

मी बाटली हातात घेऊन उभी. मोरीत ओतलं, तर ते मागच्या गटारात जाणार. गटार ओहोळाला, ओहोळ काळ नदीला, काळ नदी सावित्रीला.

खरं सांगते, विषयाचा अर्थ मला त्या क्षणी कळला. सर्फॅक्टंट घाण नष्ट करत नाही, सुटी करतो. नीरीच्या प्रयोगात माती नळीत होती, खालून येणारं पाणी भांड्यात जमा होत होतं आणि त्या भांड्यातलं पुढे काय करायचं, हे प्रयोग करणाऱ्यांच्या हातात होतं. आमचं खाचर नळी नाही. महाड-पोलादपूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मातीला घट्ट चिकटून बसलेलं शिसं निदान एका जागी तरी आहे. ते आपण सुटं केलं आणि झाडाने उचलायच्या आत पावसाने गाठलं, तर ते विहिरीत किंवा नदीत जाईल. आपल्या शेतातली घाण आपण दुसऱ्याच्या पाण्यात ढकललेली असेल. आधी आपल्याकडे ती कशी आली, हे आठवा!

ही नुसती माझी भीती नाही. मोहरीची झाडं शिसं उचलतात, पण मुळात शिसं मातीत घट्ट बसलेलं. म्हणून १९९० च्या दशकात मातीत ईडीटीए हे रसायन घालून शिसं सुटं करायचे प्रयोग झाले. मोहरीच्या पानांत शिसं वाढलं खरं. पण झाड जेवढं उचलेल, त्याहून जास्त धातू सुटतो आणि उरलेला भूजलात उतरू शकतो, हा धोका लवकरच लक्षात आला. ईडीटीए मातीत लवकर कुजतही नाही. आता संशोधक रॅम्नोलिपिड, सॅपोनिनसारख्या कुजणाऱ्या पदार्थांकडे वळलेत, ते यामुळेच. त्यातही मात्रेला महत्त्व आहे. थोडा सर्फॅक्टंट मुळांना मदत करतो. जास्त झाला तर मुळांच्या पेशींची आवरणंही तेलकटच असतात, साबण त्यांनाही सोडत नाही.

तीस वर्षांचं शेत

मग भातशेतीत कॅडमियम शिरलं तर जगाने काय केलं? याचं सगळ्यांत मोठं उदाहरण जपानमधल्या तोयामा प्रांताचं. जिंझू नदीच्या वरच्या भागात खाण होती. तिचं कॅडमियम नदीतून भातखाचरांत आलं. तो तांदूळ वर्षानुवर्षं खाऊन विशेषतः वयस्क बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडायची. त्या आजाराचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय'. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. पुढे तिथल्या शेतांची माती बदलण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये संपलं. तेहतीस वर्षं. काम सुरू झालं तेव्हा जन्मलेलं मूल काम संपेपर्यंत स्वतः आईबाप झालं असेल.

याच जपानमध्ये झाडांचाही वापर झाला आणि झाड कुठलं, तर भातच! कॅडमियम जास्त ओढणारी 'चोकोउकोकू' नावाची भाताची जात संशोधकांनी दूषित खाचरांत लावली. हा भात खायचा नाही, नुसता कापून न्यायचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार दोन वर्षांत मातीतलं कॅडमियम ३८ टक्क्यांनी घटलं. त्यानंतर तिथे लावलेल्या खाण्याच्या तांदळातलं कॅडमियम ४७ टक्क्यांनी कमी झालं. लॅबमधले ३६ तासांतले ९२ टक्के आणि खऱ्या शेतातले दोन वर्षांतले ३८ टक्के. पद्धत वेगळी, माती वेगळी, त्यामुळे थेट तुलना नको. पण कुठल्या आकड्यावर आशा ठेवायची, हे मला तेव्हा उमगलं.

आणि कापलेल्या भाताचं काय? ज्या झाडाने विष उचललंय, ते झाड म्हणजेच आता विषारी कचरा. तो गुरांना घालायचा नाही, चुलीत घालायचा नाही, खतातही नाही. त्याची रीतसर विल्हेवाट लावावी लागते. आपल्याकडे धोकादायक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव इथे खास केंद्रं आहेत. पण एका आजीने टेम्पोभर झेंडू घेऊन तिथे जायचं का? झाडांनी माती स्वच्छ करणं स्वस्त पडतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा शेवटचा टेम्पो त्या हिशेबात फार कमी ठिकाणी धरलेला असतो.

मग हे करायचं कोणी?

एकट्या शेतकऱ्याने नाहीच. इथे एक नवी गोष्ट झालीय, जी कॉलेजच्या पोरांना तरी माहीत असायला हवी. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. रसायनांनी दूषित झालेली जमीन शोधायची कशी, तपासायची कोणी, खर्च कोणाचा, याची चौकट देशात पहिल्यांदा आखली गेली. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कळल्यापासून ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. प्रदूषण करणारा सापडला तर खर्च त्याच्याकडून घ्यायचा. एक उणीव मात्र ठळक आहे: जागा दूषित ठरल्यावर ती किती दिवसांत स्वच्छ करायची, याची मुदत नियमांत नाही.

तरी यादीत नाव जाणं ही पहिली पायरी. आणि यादीत नाव जायला कोणीतरी सांगावं लागतं की इथे पूर आला होता, इथे वास येत होता, इथलं पीक पिवळं पडलं. हे गावातल्या माणसालाच माहीत असतं.

खाचराचा निकाल

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं खाचरात उतरलो. पिवळ्या कोपऱ्यातून, मधून आणि वरच्या अंगाने वेगवेगळे नमुने घेतले, मिसळले नाहीत. लोखंडी फावड्याऐवजी लाकडी पट्टी आणि प्लास्टिकचं घमेलं वापरलं, कारण अवजारातला धातू नमुन्यात उतरू शकतो. तुलनेसाठी वरच्या वरकस जमिनीतली, जिथे पूर पोचलाच नव्हता, तिथली मातीही घेतली. या वेळी नत्र-स्फुरद नाही, शिसं-कॅडमियम-क्रोमियम आणि तेलाचे अवशेष तपासायला दिले. ही तपासणी फुकट होत नाही. काकांनी पैसे मोजले आणि म्हणाले, ''यंदाच्या वालाचा खर्च समज.''

रिपोर्ट अजून यायचाय. कदाचित काहीच निघणार नाही. पुरानंतरच्या चार पावसांत तेल कुजून गेलं असेल, पिवळा कोपरा नुसता पाणी साचल्यामुळे असेल. तसं निघालं तर मी पुढच्या थंडीत सगळ्यांना पोपटीला बोलावेन. काही निघालंच, तर कागद घेऊन कुणाकडे जायचं, हे आता आम्हाला माहीत आहे.

तोपर्यंत आजीने निर्णय घेतला. खालच्या खाचरात वाल नाहीत. पालेभाजी तर अजिबात नाही, कारण धातू पानांत लवकर चढतो. बांधावरचा भांबुर्डाही पोपटीसाठी तोडायचा नाही. वाल लावले ते वरच्या तुकड्यात, पीक निम्मं येईल हे माहीत असून. आणि खालच्या अंगाला, पाणी ओहोळात उतरतं त्या बांधावर, जूनमध्ये वाळ्याची ठोंबं लावायची ठरलीत. वाळा काही खेचून काढेल म्हणून नव्हे, तर माती धरून ठेवेल म्हणून. जे आहे ते आपल्याकडून खाली जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

निघताना रिठ्याची ती बाटली ओटीवर तशीच होती, झाकण घट्ट लावलेली. ''ही घेऊन जा गो तुझ्या कॉलेजात,'' आजी म्हणाली. ''आणि विचार त्यांना, टाकायची कुठं.''

बाटली सध्या आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आहे. विचारलंय.

तुम्हाला काय करता येईल?

• तुमचं गाव नदीकाठी किंवा एमआयडीसीजवळ असेल, तर घरातलं मृदा आरोग्य पत्रिकेचं कार्ड काढून वाचा. त्यात जड धातू नसतात, हे घरच्यांना सांगा.

• संशयित जागेचा नमुना चांगल्या जागेच्या मातीत मिसळू नका. पूर न पोचलेल्या जागेचा एक नमुना तुलनेला हवाच.

• प्रयोग हवा असेल तर कुंडीत करा, शेतात नको. कुंडीखालचं पाणी ताटलीत धरा आणि झाड कापल्यावर त्याचं काय करणार, हे आधी लिहून काढा.

• फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताय? महाडचं आंबेडकर कॉलेज, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, दापोलीचं कृषी विद्यापीठ याच पट्ट्यात आहेत. वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि शेती यांनी एकत्र बसावं असा हा विषय आहे. कोकणच्या पावसात कुठलं झाड काय धरून ठेवतं, याचं उत्तर शोधायला तुमच्याइतकं जवळ कोणीच नाही.